कोऑर्डिनेटर मॅडम, एक विचारू का?

मागच्या अंकात मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका निवासी मानसोपचार केंद्रात कोऑर्डिनेटर आहे असं ओझरतं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, एकसारखी होती ती एकत्र केलीयेत. गावांची नावं पत्राच्या शेवटी कंसात ठेवलीयेत, माणसांची काढलीयेत. आणि औषधांबद्दल जे लिहिते ते माहिती म्हणून वाचा, गोळी कमीजास्त करायची ती तुमच्या डॉक्टरांनीच.

ताई, माझं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालंय. जवळच्याच एका केंद्रात कोऑर्डिनेटरची जागा आहे. इंटरव्ह्यूत 'पेशंटना घाबरतेस का' एवढंच विचारलं, काम काय ते कुणी नीट सांगितलं नाही. आई म्हणते अशा ठिकाणी नोकरी केलीस तर स्थळं येणार नाहीत. मला तू म्हटलंत तरी चालेल. (देवरुख)

तू म्हणते मग. आईचं आधी. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, आणि रत्नागिरीचं ब्रिटिशांच्या काळापासूनचं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांतून कुणी ना कुणी तिथे सिस्टर, क्लार्क, स्वयंपाकी म्हणून कामाला गेलंय आणि त्यांची लग्नंही झालीयेत, मुलंबाळंही आहेत. आईला एकदा केंद्र बघायला घेऊन जा, दहा भाषणांपेक्षा ते बरं.

आता काम. बऱ्याच केंद्रांत सायकॅट्रिस्ट रोज नसतात, ठरलेल्या वारी येतात, राऊंड घेतात, जातात. काउन्सेलर दिवसा असतात. रात्री अटेंडंट आणि एखादी सिस्टर. नातेवाईक फोनवर. या सगळ्यांमध्ये जी माहिती इकडची तिकडे जायला हवी ती पोचवायची, आणि ती लिहिलेली असायला हवी, हे तुझं काम. बाकी ॲडमिशनचे कागद, ड्युटी लावणं, बिलं, किराणा, पाण्याची मोटर बिघडली की माणूस शोधणं हे ओघाने येतंच, त्याला कोऑर्डिनेटरच सापडतो.

सकाळचा हँडओव्हर, रात्रपाळीने दिवसपाळीला सगळं सांगायचं तो, म्हणजे अख्ख्या दिवसातला महत्त्वाचा अर्धा तास. रात्रपाळीवाला म्हणतो 'रात्र शांत गेली', हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही. कोण किती झोपलं ते सांग, कोण जेवलं नाही, कुणाचं पोट साफ झालं नाही, गोळी तोंडात ठेवून मागे जाऊन कुणी थुंकली का. हे हसण्यावारी नेऊ नकोस. बायपोलरचा, म्हणजे कधी फार उत्साह तर कधी फार उदासी अशा आजाराचा, पेशंट सलग दोन रात्री जागा आहे आणि सकाळी एकदम फ्रेश आहे, गाणी म्हणतोय, सगळ्यांना चहा पाजायचाय त्याला, तर डॉक्टरना त्याच दिवशी फोन जायला हवा, पुढच्या राऊंडची वाट बघायची नाही. क्लोझापीन या भास-संशयावरच्या गोळीवर असलेल्या पेशंटला तीन दिवस संडासला झालेलं नाही तर ते केळं खाऊन बघू म्हणण्यासारखं नसतं, त्या गोळीने आतडं मंदावतं आणि कधीकधी जिवावर बेतू शकतं. त्याच गोळीसाठी पहिले काही महिने दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात, ती तारीख कुणाच्या डोक्यात ठेवायची नसते, भिंतीवर लिहायची. पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडून लॅबवाला आला नाही तर दुसरा कोण, हे आधीच ठरवून ठेवायचं.

मग स्वयंपाकघर. आपल्याकडे विळ्या असतात, खोबरं खवायची वेगळी, मासे कापायची वेगळी, बागेत कोयती. सकाळी काढल्या किती आणि रात्री कुलपात गेल्या किती हे मोजून सही घ्यायची. पहिल्याच आठवड्यात मावशी तुझ्यावर चिडणार, 'आम्ही काय चोर आहोत का' म्हणणार. चिडू दे, पण मोजणं थांबवू नकोस.

घाबरतेस का या प्रश्नावर तू काय सांगितलंस ते लिहिलं नाहीस, पण उलट तू चार प्रश्न विचार. केंद्राचं मानसिक आरोग्य कायद्याखाली रजिस्ट्रेशन आहे का, सर्टिफिकेट दाखवा. रात्री ड्युटीवर किती माणसं आणि पेशंट किती. पेशंटला तक्रार करायची असेल तर कुणाकडे, तो पत्ता-फोन भिंतीवर लावलाय का. आणि पगार कितव्या तारखेला होतो. शेवटच्या प्रश्नाला 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' असं उत्तर आलं तर विचार करून जा. माहितीपत्रकावर नारळाची झाडं आणि सूर्यास्त असेल तर त्याला भुलू नकोस, समुद्र दिसतो म्हणून पेशंट बरा होत नाही, उलट समुद्र जवळ म्हणजे संध्याकाळी फिरायला नेताना सोबत माणूस जास्त लागतो.

आणि एक, स्वतःचा मोबाईल नंबर नातेवाईकांना देऊ नकोस. केंद्राचा द्यायचा. रात्री अडीचला 'बाळाने दूध घेतलं का' विचारायला फोन येतात, बाळ बेचाळीस वर्षांचं असतं.

माझा धाकटा भाऊ वर्षभर खोलीतून बाहेर येत नाही, शेजाऱ्यांनी काहीतरी केलंय म्हणतो, मागच्या महिन्यात आईच्या अंगावर धावून गेला. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला, अजून फरक नाही. एका सेंटरवाल्याने सांगितलं, रात्री गाडी आणि चार माणसं पाठवतो, उचलून आणू, तुम्ही फक्त दार उघडा. उघडू का? (मालवण)

नका उघडू. दादा, तुमची दमछाक कळतेय मला, वर्षभर असं घर चालवणं सोपं नाही. पण अशा रात्री उचलून आणलेल्या माणसाला पुढे बरं वाटायला लागलं तरी ती रात्र तो विसरत नाही, आणि दार कुणी उघडलं तेही. नंतर गोळ्या द्यायला तुम्हीच असणार आहात.

कायद्याचा रस्ता आहे आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू झाला. पेशंट स्वतः तयार असेल तर त्याच्या सहीने ॲडमिशन होतं. तयार नसेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करू शकतो. त्याने स्वतः कुणाला नेमलेलं नसेल तर साधारणपणे जवळचा नातेवाईक, म्हणजे तुम्ही. मग एक सायकॅट्रिस्ट आणि दुसरे एक मानसिक आरोग्य तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं. आजार गंभीर आहे आणि त्यामुळे स्वतःला इजा करतोय, दुसऱ्याला करतोय किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही असं दोघांचं मत पडलं तर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. केंद्राने ते मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा ॲडमिशनवर आणि पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाला, सात दिवसांत कळवायचं असतं, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. तुमचा तो गाडी पाठवणारा यातलं काही बोलला का? दारूच्या व्यसनाची केंद्रंही याच कायद्यात येतात बरं का, 'आमचं व्यसनमुक्ती आहे, आम्हाला लागू नाही' असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

खरोखरच हातघाईवर आलं, जिवाचा धोका आहे, तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने तातडीचे उपचार देऊ शकतो, ७२ तासांपर्यंत, आणि जवळच्या मानसोपचार केंद्रात न्यायची सोयही त्यातच धरलेली आहे. म्हणजे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायला काहीच हरकत नाही.

पण त्याच्याआधी एक करा. १४४१६ वर फोन लावा, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठी बोला आधी. आणि भावाशी 'तुला वेड लागलंय, डॉक्टरकडे चल' या वाटेने जाऊ नका, शेजाऱ्यांनी काही केलेलं नाही हे पटवायलाही जाऊ नका, पटत नसतं ते, वादात अख्खी रात्र जाते. 'तुला झोप नाही, त्रास होतोय, झोपेसाठी तरी दाखवू' म्हटलं तर पुष्कळ जण येतात, कारण झोप नसल्याचा त्रास त्यांना स्वतःलाही होत असतो.

गाऱ्हाण्याचं विचारलं नाहीत पण लिहिलंत म्हणून सांगते. माझी देवाला हरकत नाही. आईला आधार वाटत असेल तर नारळ ठेवा, गोळ्यांची वेळ तेवढी चुकवू नका. पण उद्या कुणी भूत उतरवतो म्हणून त्याला मारायला लागला, साखळीने बांधलं, मिरचीची धुरी दिली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो सरळसरळ गुन्हा आहे, पोलिसांत जा.

मी रात्रपाळीला अटेंडंट आहे. पेशंट तीसेक आणि आम्ही दोघं. एक जण आरडाओरडा करतो म्हणून मॅनेजर म्हणतात त्याला रात्री खाटेला बांधून टाका नाहीतर मागच्या खोलीत कोंडा. नाही म्हटलं तर नोकरी जाईल. (चिपळूण)

भाऊ, बरं झालं लिहिलंत.

कोंडून ठेवणं तर कायद्यात बसतच नाही. साखळी कुठल्याही स्वरूपात नाही. बांधणं हे फक्त तेव्हाच जेव्हा आत्ता, या क्षणी कुणाला तरी इजा होणार आहे आणि ती थांबवायचा दुसरा काही उपाय उरलेला नाही, तेही सायकॅट्रिस्टच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ, आणि किती वाजता बांधलं, का बांधलं, किती वाजता सोडलं हे लिहून. पेशंटच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. आणि एक वाक्य तर जसं काही तुमच्या मॅनेजरसाठीच लिहिलंय, माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. शिक्षा म्हणूनही नाही.

हे नियम हवेतून आलेले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला पहाटेच्या वेळी एका शेडला आग लागली, आतले मनोरुग्ण खाटांना साखळ्यांनी बांधलेले होते, २८ जण गेले. बांधलेल्या माणसाला पळता येत नाही एवढी साधी गोष्ट आहे. आपल्याकडे पावसात शॉर्टसर्किट किती वेळा होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता नोकरीचं. 'नाही' म्हणून भांडू नका, रजिस्टरमध्ये लिहा. 'रात्री सव्वाबाराला अमुक पेशंट ओरडत होता, मॅनेजरना फोन केला, त्यांनी असं करायला सांगितलं, डॉक्टरांची लेखी ऑर्डर मागितली.' बस. लेखी मागितलं की बहुतेकांचा आवाज खाली येतो. तोपर्यंत तो का ओरडतो ते बघा, मी हे गंमत म्हणून सांगत नाहीये. काही गोळ्यांनी रात्री पायांत अशी तळमळ सुटते की माणूस एका जागी बसू शकत नाही, डॉक्टरांना कळलं तर त्यावर दुसरी गोळी असते. कुणाची लघवी तुंबलेली असते. कुणाला डास चावतात आणि मच्छरदाणी फाटकी असते. आणि एवढं करूनही बांधत राहिले तर वर लिहिलंय त्या पुनर्विलोकन मंडळाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सांगा, आणि दुसरी नोकरी बघायला आजच लागा. चांगल्या अटेंडंटची सगळीकडे बोंब आहे, तुम्हाला मिळेल.

बहीण केंद्रात आहे, दुपारी काजू सोलायला बसवतात. थेरपी आहे म्हणतात. चालतं का? (लांजा)

तिची मर्जी असेल तर चालतं, हाताला काम असलं की दिवस सरकतो. पण जबरदस्ती करता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला तिला मिळायला हवा, असं कायदाच सांगतो. सोललेला काजू बाजारात जातो का विचारा. जात असेल तर पैसे कुणाच्या खात्यात पडतात तेही विचारा. आणि बोटं बघा तिची, काजूच्या चिकाने सालटी निघतात, हातमोजे किंवा निदान तेल देतात की नाही.

आमचे हे खलाशी. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत दोन महिने घरी असतात, दारू वाढते. यंदा म्हणतात १ जूनपासून एक थेंब घेणार नाही, घरातच कोंडून घेतो. केंद्रात जायचे पैसे नाहीत. जमेल का? (हर्णै)

वहिनी, त्यांनी स्वतःहून म्हटलं हे सोनं आहे, पण रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसाने एकदम बंद करायची नाही. घरी तर अजिबात नाही. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, समुद्रात आहोत असं वाटून जाळं ओढायला लागतात, ताप चढतो, आणि त्यात माणूस दगावतो. गावात मग 'दारू सोडली म्हणून मेला' अशी बातमी होते, ती अर्धीच खरी. औषधाच्या आधाराने सोडली असती तर वाचला असता.

दापोलीच्या सरकारी दवाखान्यात न्या, डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, कमी करून सांगू नका. आधी फिट आली होती का तेही सांगा. थरथर उतरवायच्या गोळ्या आठवडाभर देतात, सोबत बी-१ व्हिटॅमिन, तेही तितकंच महत्त्वाचं. बंदी ३१ जुलैला उठते, त्याआधीचे दोन महिने म्हणजे तुमच्याकडे खरंच चांगला वेळ आहे. नंतर बोटीवर पहिल्या पगाराला काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी बंदरावर पगार घ्यायला तुम्ही स्वतः जाल का, हे आत्ताच त्यांच्याशी बोलून ठेवा.

मुलगा पाच महिने केंद्रात आहे, आता बरा आहे, डॉक्टर म्हणतात गणपतीला घरी न्या, जमलं तर राहू दे. आमचा आंब्याचा व्यवसाय, घरात दीड दिवस नाही, गौरी-गणपती पूर्ण असतात, मुंबईहून सगळे येणार. मला आनंदही होतोय आणि पोटात गोळाही येतोय. काय तयारी करू? (राजापूर)

काकी, अशी पत्रं सहा-सात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे डिस्चार्जची तयारी ही केंद्राचीही जबाबदारी आहे, पुढे कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, काय उपचार चालू ठेवायचे हे त्याच्याशी आणि तुमच्याशी बोलून ठरवणं कायद्यात लिहिलंय. तेव्हा 'या गाडी घेऊन' एवढ्यावर त्याला आणू नका. कोऑर्डिनेटरला सांगा, मला बसून बोलायचंय. मी स्वतः शक्य असेल तिथे आधी घर बघून येते, आणि घरात गेल्यावर मी काय बघते ते सांगते.

फवारणीची औषधं. आंबा कलमं असलेल्या घरात ती पडवीत, माळ्यावर, न्हाणीच्या मागे कुठेतरी असतातच, अर्धी बाटली गेल्या मोसमातली. ती घरातून पूर्ण बाहेर जायला हवीत, बागेतल्या खोपीत कुलूप लावून, आणि किल्ली त्याला माहीत नसलेल्या जागी. तुमचा मुलगा तसा नाही, हे मला माहितीये. सगळ्यांचाच तसा नसतो. पण एखाद्या वाईट दुपारी मनात येतं आणि हाताशी काही नसलं तर ती दुपार टळते, हे या क्षेत्रातलं अगदी पक्कं शहाणपण आहे. विहिरीवर जाळी आहे का बघा. त्याच्याच गोळ्यांचा साठा त्याच्या कपाटात ठेवू नका, आठवड्याच्या डब्यात भरा, बाकी तुमच्याकडे.

मग माणसं. मुंबईहून येणाऱ्यांना आधीच फोन करून सांगा, त्याच्या पाठीमागे कुजबुज नको आणि तोंडावर 'आता काय कामधंदा करणार' नको. जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाने इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकापासून याचाच अभ्यास केला, हॉस्पिटलमधून सुटलेले स्किझोफ्रेनियाचे (भास-संशयाच्या आजाराचे) पेशंट ज्या घरात सतत टोचून बोलतात किंवा सतत मागेमागे करतात अशा घरात गेले तर परत आजारी पडायचं प्रमाण जास्त दिसलं. मागेमागे करणं हे आईला लागू होतं, रागावू नका. तो अर्धा तास मागच्या पडवीत एकटा बसला तर बसू दे. चहा विचारायला तीनदा जाऊ नका.

कामही द्या पण छोटं, माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची सजावट) बांधायला मदत, फुलं आणणं. आरतीला उभं राहायचं की नाही ते त्याच्यावर. भजनाची बारी रात्रभर चालणार असेल तर त्याची झोपायची जागा लांबच्या खोलीत करा, रात्री साडेनऊ-दहाला गोळी आणि झोप हे गौरी आल्या तरी बदलायचं नाही. काका-मामा मागच्या दारी 'बसणार' असतील तर त्यांना सांगा यंदा इथे नाही.

तो लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवायच्या गोळीवर, असेल तर (पत्रात औषध लिहिलं नाहीत) उपासाला सांभाळा. मीठ एकदम बंद केलं, पाणी कमी प्यायलं, जुलाब-उलट्या झाल्या तर रक्तातलं लिथियम वाढतं, हात जोरात थरथरायला लागतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते. असं दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन, रक्त त्याच दिवशी. अळणी उपास तर नकोच. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या काही गोळ्यांनीही तसंच होतं, म्हणून साधी पेनकिलरही विचारून.

गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त घेऊन ठेवा. त्या दिवसांत हायवे कसा असतो आणि मेडिकलवाला स्वतःच गावी गेलेला असतो हे तुम्ही बघताच. डेपो इंजेक्शन (एकदा टोचलं की काही आठवडे पुरतं ते) चालू असेल तर तारीख आज केंद्राला विचारा, विसर्जनाच्या आसपास येत असेल तर चार दिवस आधी घेतलं तर चालेल का ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि राजापुरात ते कोण टोचणार त्या सिस्टरचं नाव आणि ड्युटी आधीच माहीत करून घ्या.